कागद नसताना अमेरिकेत कॉलेज: प्रवेश, फी आणि साडेअठरा वर्षांची मुदत

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगा आठ वर्षांचा असताना एच-4 वर, म्हणजे वडिलांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसामुळे कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर आला. आधी टेक्ससमध्ये होतात, तो आठवीत असल्यापासून न्यू जर्सीत आहात. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या एच-1बीचं एक्स्टेन्शन नाकारलं गेलं आणि तेव्हापासून घरातल्या कोणालाच स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, नाही. आता तो अकरावीत आहे, मार्च महिन्यात 17 चा होईल, मार्क उत्तम आहेत. शाळेतल्या काउन्सेलरबाई फॅफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरा म्हणतात. ओळखीतले एक जण 'त्याला इंटरनॅशनल स्टुडंट दाखवा' म्हणतात. दीर टेक्ससमध्ये डॅलसला बोलावताहेत, भाऊ पुण्याला. आणि मुलगा म्हणतो, मला कॉलेजच नको, मी काम करतो.

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, स्वस्त सरकारी कॉलेजात) फायनान्शियल एडचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं, काम करते. स्टेटस नसलेली बरीच मुलं माझ्या टेबलासमोर बसून गेली आहेत, त्यांत आपली मराठी मुलंही होती. मी वकील नाही, त्यामुळे इमिग्रेशनबद्दल खाली जे लिहिते ते वकिलाला विचारायचे मुद्दे समजा. कॉलेज आणि पैसे हा मात्र माझा रोजचा विषय आहे.

त्याला कॉलेजला जाता येईल का, याचं उत्तर 'हो' आहे आणि त्यात जर-तर फार नाही. अवघड आहे ते पैशांचं. त्याहून अवघड आहे त्याच्या अठराव्या वाढदिवसानंतरचे सहा महिने. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

आधी प्रवेश. कॉलेजात शिकायला स्टेटस हवंच, असा केंद्राचा कायदा नाही. शाळेपुरतं तर सुप्रीम कोर्टाने 1982 साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात स्पष्टच सांगितलं की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. कॉलेजला तो निकाल लागू नाही, तिथे राज्य आणि कॉलेज ठरवतं. साउथ कॅरोलायना आपल्या सरकारी कॉलेजांत अशा मुलांना घेत नाही, अलाबामा कम्युनिटी कॉलेजांत घेत नाही, जॉर्जियात जास्त चुरशीच्या सरकारी विद्यापीठांत बंदी आहे. न्यू जर्सीत अशी आडकाठी नाही.

अडतं ते फॉर्म भरताना. कॉमन ॲप या बऱ्याच कॉलेजांच्या सामायिक अर्जात नागरिकत्वाच्या जागी भारत लिहायचं. व्हिसाबद्दल विचारलं तर सध्या वैध व्हिसा नाही हेच निवडायचं. सोशल सिक्युरिटी नंबरची जागा रिकामी ठेवायची, तिथे नंबर सक्तीचा नाही. इथे एच-1बीवाल्या घरांत एक घोळ नेहमी होतो. वडिलांकडे खरा सोशल सिक्युरिटी नंबर असतो, आईकडे आणि मुलाकडे करापुरता आयटीआयएन असतो. मग कोणीतरी घाईत मुलाच्या जागी वडिलांचा नंबर किंवा आयटीआयएन टाकतं. तसं अजिबात करू नका. कॉलेजच्या संगणकात चुकीची नोंद एकदा पडली की ती निस्तरायला महिने जातात, आणि खोटा नंबर दिल्याचा ठपका पुढे इमिग्रेशनच्या अर्जात आडवा येऊ शकतो.

'इंटरनॅशनल' दाखवायचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. इंटरनॅशनल विद्यार्थी म्हणजे कॉलेजने दिलेला आय-20 हा कागद घेऊन एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेला. इथल्या इथे एफ-1 वर बदलून घ्यायला हातात चालू स्टेटस लागतं, ते तुमच्या मुलाकडे नाही. वर बाहेरच्यांची फी लागते, बँकेतली रक्कम दाखवावी लागते आणि आय-20 निघाला की होमलँड सिक्युरिटीच्या प्रणालीत त्याची नोंद होते. नागरिकत्व भारत लिहिल्यामुळे काही विद्यापीठांचा संगणक त्याला आपोआप त्या रांगेत टाकतो. अर्जानंतर पंधरवड्यात ईमेल येतं: टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) मार्क पाठवा, पासपोर्टची प्रत पाठवा, बँक स्टेटमेंट पाठवा. घाबरू नका आणि काही पाठवूही नका. ॲडमिशन ऑफिसला दोन ओळी लिहायच्या: 'मी न्यू जर्सीच्या हायस्कूलमध्ये शिकतो, न्यू जर्सीत राहतो, मला आय-20 नको आहे. कृपया माझा अर्ज डोमेस्टिक अर्जांत पाहावा.' बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम होतं. नाही झालं तर तिथे 'अनडॉक्युमेंटेड स्टुडंट'साठी नेमलेली व्यक्ती आहे का, ते विचारायचं. अनेक विद्यापीठांत असते.

आता पैसे. फॅफ्सा हा केंद्राच्या मदतीचा अर्ज आहे. पेल ग्रँट (परत न करायची मदत), केंद्राचं कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना करायचं अर्धवेळ काम) यांतलं काहीही तुमच्या मुलाला मिळणार नाही, त्यामुळे त्याने फॅफ्सा भरायचा नाही. काउन्सेलरबाईंना हे माहीत नसण्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. त्यांच्या बहुतेक मुलांना फॅफ्साच लागतो.

तुमचा मार्ग राज्याकडून जातो. 1996 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं की केवळ राज्याचा रहिवासी म्हणून स्टेटस नसलेल्याला सवलतीची फी देता येणार नाही, जर तीच सवलत बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला मिळत नसेल. म्हणून राज्यांनी निकषच बदलला: राहता कुठे हे न पाहता हायस्कूल कुठे केलं ते पाहायचं. न्यू जर्सीने हा कायदा 2013 च्या डिसेंबरात केला. राज्यातल्या हायस्कूलमध्ये किमान तीन वर्षं शिक्षण, तिथूनच डिप्लोमा, आणि 'मी स्टेटससाठी अर्ज केला आहे किंवा पात्र होताच करीन' असं प्रतिज्ञापत्र. एवढं असलं की सरकारी कॉलेजात राज्यातल्या मुलांची फी. रटगर्स या राज्याच्या सरकारी विद्यापीठासारख्या ठिकाणी राज्याबाहेरच्यांची फी साधारण दुप्पट असते, यावरून या एका कागदाची किंमत कळेल.

म्हणून डॅलसला जाण्याचा विचार सोडा. तुमचा मुलगा नववीपासून इथल्या हायस्कूलमध्ये आहे, डिप्लोमा मिळेल तेव्हा चार वर्षं भरतील. आता राज्य सोडलंत तर हे हातचं जाईल. शिवाय टेक्ससमध्ये आता तो रस्ताच उरलेला नाही. 2001 साली असा कायदा करणारं टेक्सस पहिलं राज्य होतं. 4 जून 2025 रोजी केंद्राच्या न्याय खात्याने त्यावर दावा लावला, राज्याने त्याच दिवशी माघार घेतली आणि कोर्टाच्या आदेशाने सवलत संपली. फ्लोरिडाने आपला कायदा स्वतःच रद्द केला, 1 जुलै 2025 पासून. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत फीची सवलतही आहे आणि राज्याची मदतही, पण इलिनॉय आणि कॅलिफोर्नियावरही 2025 मध्येच दावे दाखल झाले. हे चित्र महिन्या-महिन्याला हलतंय. अर्ज भरायच्या आठवड्यात त्या वर्षीचा नियम राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, माझ्यासारखीने सांगितलेल्यावर थांबू नका.

सवलतीच्या फीच्या पुढे राज्याची मदत. 2018 पासून न्यू जर्सी या मुलांना राज्याच्या निधीतून ग्रँट देते. त्यासाठी फॅफ्साऐवजी हेसा या राज्याच्या संस्थेचा 'न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड' अर्ज आहे. तो राज्याकडे जातो, केंद्राकडे नाही. मुलगा 18 चा झाला की सिलेक्टिव्ह सर्व्हिसची (सक्तीची लष्करभरती झालीच तर वापरायच्या यादीतली) नोंदणीही लागते. स्टेटस नसलेल्या मुलांनाही ती कायद्याने सक्तीची आहे, वैध एच-4 वर असलेल्यांना नाही. एकदा हा अर्ज झाला की उत्पन्नानुसार ट्यूशन एड ग्रँट मिळू शकते. कुटुंबाचं समायोजित उत्पन्न 65,000 डॉलरच्या आत असेल तर कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन आणि फी भरून काढणारी वेगळी ग्रँट आहे, आणि सरकारी विद्यापीठात तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी 'गार्डन स्टेट गॅरंटी' आहे. या दोन्ही योजना दरवर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहेत, हे लक्षात ठेवा.

तुमच्या घरचं सध्याचं उत्पन्न तुम्ही लिहिलेलं नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक घरांत एक्स्टेन्शन नाकारल्यानंतर उत्पन्न खूप खाली आलेलं असतं. तुमचं तसं असेल तर दोन वर्षं घरी राहून कम्युनिटी कॉलेज, मग रटगर्स किंवा माँटक्लेअर ही सरकारी विद्यापीठं, हा हिशेब बसू शकतो. राज्यात ट्रान्सफरचा करार आहे, त्यामुळे असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीची क्रेडिट्स सरकारी विद्यापीठात धरली जातात. आणि न्यू जर्सीत 2021 पासून स्टेटस न पाहता ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. एडिसनमध्ये राहून बसने कॉलेज आणि मग लायब्ररी करणाऱ्यांना विचारा, लायसन्स असलं तर दिवसाचे किती तास वाचतील.

तरीही कम्युनिटी कॉलेजवरच समाधान मानू नका, असं मी तुमच्यासारख्या घरांना आग्रहाने सांगते. हुशार मुलासाठी सगळ्यांत स्वस्त कॉलेज कधीकधी सगळ्यांत महागडं दिसणारं असतं. प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, ॲमहर्स्ट यांच्याकडे नागरिकत्व न पाहता प्रवेश देतात आणि घराची जितकी गरज निघेल तितकी सगळी मदत स्वतःच्या पैशातून करतात. टफ्ट्सने 2015 साली जाहीर केलं की अमेरिकन हायस्कूलमधून आलेल्या स्टेटस नसलेल्या मुलांना ते डोमेस्टिकच धरतात, पुढे ब्राउननेही तसंच केलं. तिथे प्रवेश मिळणं कोणालाही कठीण, ते खरं. पण अशी कमी नावाजलेली छोटी कॉलेजंही आहेत. शोधायचा मार्ग साधा आहे. मुलाचं नाव नसलेल्या ईमेलवरून प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारायचं: 'स्टेटस नसलेला, पण इथल्या हायस्कूलमधून पास होणारा विद्यार्थी तुम्ही डोमेस्टिक धरता का? प्रवेश देताना त्याची आर्थिक गरज पाहता का? प्रवेश दिलात तर पूर्ण गरज भागवता का?' तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर ते कॉलेज यादीच्या तळाशी. ही कॉलेजं बहुधा सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक माहितीचा अर्ज मागतात, त्यालाही सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. क्वेस्टब्रिज या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या कार्यक्रमातही नागरिकत्वाची अट नाही. त्याचा अर्ज बारावी सुरू होताच सप्टेंबरात करावा लागतो, म्हणजे तयारी या उन्हाळ्यातच. कॉलेज निवडताना अंतरही पाहा. सुट्टीला घरी यायला दर वेळी विमानतळाची तपासणी लागणार असेल, तर ट्रेनने गाठता येणारं कॉलेज मला जास्त बरं वाटतं.

स्कॉलरशिपमध्ये द-ड्रीम-डॉट-यूएस ही याच मुलांसाठीची मोठी संस्था. मालडेफ आणि इमिग्रंट्स रायझिंग नागरिकत्व न मागणाऱ्या स्कॉलरशिपच्या याद्या ठेवतात. यांत पैसे मिळतात, पण मी घराचं गणित त्यावर उभं करत नाही. राज्याची ग्रँट आणि कॉलेजची स्वतःची मदत हा पाया, स्कॉलरशिप वरून.

'डाका करून टाका' असंही कोणी सांगेल. डाका ही लहानपणी आलेल्या, स्टेटस नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट देणारी योजना, 15 जून 2012 ची. त्यासाठी 15 जून 2007 पासून सलग अमेरिकेत असावं लागतं. तुमच्या मुलाचा तेव्हा जन्मही नव्हता. तो विषय इथेच संपला. तसंच 'असायलमचा (आश्रयाचा) अर्ज टाका, वर्क परमिट मिळेल' म्हणणारे एजंट आपल्या वस्तीत फिरतात. खोटी कहाणी लिहिलेला असायलमचा अर्ज म्हणजे पुढच्या सगळ्या मार्गांवर कायमचा दगड पडू शकतो.

मुलाला स्वतःला एक गोष्ट आजच सांगून ठेवा: मी अमेरिकन नागरिक आहे, असं कुठेही लिहायचं किंवा बोलायचं नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातला असा दोष आहे की पुढे नागरिकाशी लग्न झालं तरी ग्रीन कार्ड अडतं. हे मुद्दाम करणारं पोर विरळा. होतं ते कॉलेजच्या ओरिएंटेशनला. टेबलवर हसतमुख स्वयंसेवक 'मतदार नोंदणी केलीस का?' विचारतो, मुलगा मित्रांसोबत रांगेत असतो, 'नाही' म्हणायला संकोचतो, चौकोनात खूण करून सही करतो. त्या टेबलासमोर काय बोलायचं ते घरीच ठरवून ठेवा: 'आत्ता नको, थँक यू', बस्स.

अर्ज भरल्याने आपण पकडले जाऊ का, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवते. विद्यार्थ्याची माहिती 1974 च्या फर्पा कायद्याने जपलेली असते, कॉलेज ती सहजी बाहेर देऊ शकत नाही. नाव-पत्त्यासारखी 'डिरेक्टरी' माहिती मात्र देऊ शकतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती गुप्त ठेवण्याचा फॉर्म भरून टाका. शंभर टक्के हमी मी देणार नाही. पण कॉलेजच्या अर्जामुळे घर संकटात आलं, असं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. शाळेत सगळ्यांना सांगायची गरज नाही, एका विश्वासाच्या शिक्षकाला किंवा काउन्सेलरला कळलेलं पुरतं. निबंधातही स्टेटसची कहाणी लिहायलाच हवी असं नाही. त्याला गणित आवडत असेल तर त्याने गणितावर लिहावं.

आता ते सहा महिने. स्टेटस नसतानाचे दिवस 18 वर्षांखालच्या मुलाच्या खात्यात मोजले जात नाहीत. अठराव्या वाढदिवसापासून मोजणी सुरू होते. 180 दिवसांहून अधिक झाले आणि मग देश सोडला तर तीन वर्षं परत येण्यावर बंदी. एक वर्ष भरल्यावर सोडला तर दहा वर्षं. बंदी बसते ती देश सोडल्यावर. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी मार्चमध्ये 18 चा होईल, म्हणजे 180 दिवस ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात भरतात, नेमके कॉलेजच्या पहिल्या महिन्यात. पुण्याचा विचार करायचाच असेल तर त्याची मुदत ती आहे. 'आधी इथे एक वर्ष बघू, नाही जमलं तर पाठवू' हा मला सगळ्यांत महाग पर्याय वाटतो.

भावांचा सल्ला वाईट नाही. मुलगा भारतीय नागरिक आहे, जेईई देऊ शकतो, एआययूकडून (भारतीय विद्यापीठ संघाकडून) हायस्कूल डिप्लोमाची समकक्षता मिळवता येते, पुण्यात खासगी विद्यापीठं आहेत. पण सीईटीच्या जागांना महाराष्ट्रातलं शिक्षण आणि डोमिसाइल आडवं येईल, अनिवासी कोट्याची फी जड जाईल. वेळेत गेला तर बंदी नाही, तरी एफ-1 घेऊन परत येईलच असं धरू नका. घरच्यांचा ओव्हरस्टे पाहून व्हिसा अधिकारी नाकारू शकतो. आणि तुम्ही दोघं त्याला भेटायला जाऊ शकणार नाही, कारण तुम्ही देश सोडलात की दहा वर्षांची बंदी तुमच्यावर बसते. आठव्या वर्षी देश सोडलेल्या मुलाला ज्या गावात मित्र नाहीत तिथे एकट्याने उभं राहायचंय, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा. काही मुलं याला आनंदाने तयार होतात. काहींना ते शिक्षेसारखं वाटतं.

'काम करतो' म्हणणाऱ्या मुलाला काय सांगायचं? पदवीने वर्क परमिट मिळत नाही, हे त्याच्यापासून लपवू नका. पण न्यू जर्सीत 2020 पासून व्यावसायिक लायसन्सला स्टेटसची अट नाही. आणि उद्या कुठल्याही मार्गाने परमिट मिळालं तर त्या दिवशी पदवी हातात असलेला आणि नसलेला यांच्यात फार अंतर असतं. हे त्याला तुमच्यापेक्षा अशाच एखाद्या मोठ्या मुलाकडून ऐकू द्या. कॉलेजांत या मुलांचे गट असतात.

आणि येत्या महिन्यात वकिलाची वेळ घ्या. नुसता 'कन्सल्टंट' नको, इमिग्रेशनचा वकील किंवा मान्यताप्राप्त ना-नफा संस्था. एक्स्टेन्शन नाकारल्याचं पत्र, सगळ्यांचे जुने-नवे पासपोर्ट, प्रत्येक आय-94 (देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद) सोबत न्या. तुम्ही रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन आत आलात, याचा तो पुरावा आहे. पुढे कधी नागरिक जोडीदारामुळे मार्ग उघडला तर तोच कामी येतो, त्यामुळे मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका. मुलालाही न्या, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटं वकिलाशी एकट्याने बोलू द्या. एखाद्या गुन्ह्याचा बळी ठरल्यावर किंवा छळ झाल्यावर मिळू शकणारे व्हिसाचे मार्ग आहेत, आणि अशा गोष्टी मुलं आईवडिलांसमोर काढत नाहीत.